मिठाचा खडा आणि त्यामागील योजना

मीठ ही वस्तु आपल्या इतकी नित्याची आहे कीं, तिच्याविषयीं कांहीं शिकण्यासारखें असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. पानांत तिची जागा ठरलेली असते, आणि ती वाढावयाची राहिली म्हणजेच काय ती तिची आठवण होते. आपल्या उपनगरांतील मुलांची तर मिठाशीं इतरांहून जवळची ओळख असावयास पाहिजे. मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग ह्या गांवांच्या पूर्वेस, महामार्ग आणि ठाण्याची खाडी ह्यांच्या दरम्यान, मातीच्या बांधांनीं आंखलेली सपाट जमीन दूरवर पसरलेली आहे. तीच मिठागरें. त्यांतील कित्येक वाफे आतां ओसाड पडले आहेत, तरी त्यांचे बांध अजून ओळखूं येतात. वडाळा, भाईंदर व वसई ह्या भागांतहि अशींच मिठागरें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं. ‘आगर’ म्हणजे मिठागर, आणि तेथें राबणारा तो आगरी, अशी आगरी समाजाच्या नांवाची व्युत्पत्ति सांगतात.

मीठ कसें होतें, असें विचारलें तर बहुतेक विद्यार्थी उत्तर देतील कीं, “समुद्राचें पाणी उन्हांत वाळतें व मीठ मागें उरतें.” हें उत्तर खोटें नाहीं, पण तें अर्धें आहे. समुद्राचें पाणी ताटांत ओतून सर्वच्या सर्व वाळविलें, तर मागें जें उरेल तें कडवट, ओलसर व कचकचीत असेल. तें आमटींत कोणी घालणार नाहीं. मिठागरांत मीठ तयार होत नाहीं, तें निवडलें जातें. आणि तें कोठें धरावयाचें व कोठें सोडावयाचें, ह्या दोन निर्णयांत आगराचें सारें कौशल्य सांठविलेलें आहे. रासायनिक अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत ‘स्फटिकीभवनानें पृथक्करण’ ह्या भारदस्त नांवाखालीं जें शिकवितात, त्याचें मूळ तत्त्व हेंच होय.

प्रथम समुद्राच्या पाण्यांत काय काय असतें तें पाहूं. ‘चॅलेंजर’ नांवाच्या जहाजानें १८७२ ते १८७६ ह्या वर्षांत पृथ्वीवरील महासागरांत फिरून ठिकठिकाणचें पाणी गोळा केलें. त्यांतील ७७ नमुन्यांचें पृथक्करण विल्यम डिटमार ह्या रसायनशास्त्रज्ञानें केलें व १८८४ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यावरून असें दिसून आलें कीं, क्षारांचें एकंदर प्रमाण कोठें कमी, कोठें अधिक असलें, तरी त्या क्षारांचें आपसांतील प्रमाण बहुतेक सर्वत्र सारखेंच असतें. एक हजार किलो समुद्रपाण्यांत सुमारें ३५ किलो क्षार असतात. त्यांपैकीं आपलें खाण्याचें मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, सुमारें २७ किलो असतें. मॅग्नेशियमचे दोन क्षार मिळून सुमारें साडेपांच किलो, जिप्सम सवा किलो, पोटॅशियमचा क्षार किलोहून थोडा कमी, आणि चुनखडी तर केवळ शंभर-सवाशें ग्रॅम. म्हणजे सर्व पाणी आटवून टाकलें, तर मिळणाऱ्या पदार्थाच्या दर सहा भागांत जवळ जवळ एक भाग कडू मॅग्नेशियमचा असावयाचा.

हे क्षार वेगळे कसे करावे? ते चाळणीनें चाळतां येत नाहींत, कीं हातानें वेंचतां येत नाहींत. येथें सृष्टीचा एक नियम आपल्या मदतीस येतो. कोणत्याहि पाण्यांत कोणताहि क्षार अमुक मर्यादेपर्यंतच विरघळतो. ती मर्यादा गांठली म्हणजे द्रावण ‘संपृक्त’ झालें असें म्हणतात. आणखी पाणी उडालें, तर जास्त झालेला क्षार स्फटिकाच्या रूपानें बाहेर पडूं लागतो. प्रत्येक क्षाराची ही मर्यादा निराळी, म्हणून प्रत्येकाची बाहेर पडण्याची वेळहि निराळी. १८४९ सालीं उसिग्लिओ नांवाच्या संशोधकानें भूमध्य समुद्राचें पाणी सावकाश आटवून हा क्रम मोजून ठेविला. पाणी निम्म्यावर येतें तों चुनखडी खालीं बसते. तें पांचव्या हिश्श्यावर आलें म्हणजे जिप्सम पडूं लागतें. जवळ जवळ दहावा हिस्सा उरला म्हणजे मिठाची पाळी येते. मॅग्नेशियमचे क्षार मात्र अगदीं शेवटपर्यंत पाण्यांत राहतात. एखाद्या शिस्तीच्या शाळेंत घंटा होतांच एकेक वर्ग रांगेनें बाहेर पडावा, तसाच हा प्रकार आहे. ज्यास तिसरा वर्ग तेवढा पाहिजे, त्यानें पहिले दोन वर्ग जाऊं द्यावे, आणि चौथा निघण्यापूर्वीं दार लावावें.

मिठागराची रचना ह्याच क्रमास धरून केलेली असते. अमावास्येच्या व पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीस खाडीचें पाणी बांधांतील उघाडीवाटे मोठ्या तळ्यांत घेतात. भांगाच्या दिवसांत पाणी तितकें चढत नाहीं, म्हणून पुढील उधाणापर्यंत पुरेल एवढें पाणी एकदांच सांठवावें लागतें. तेथें गाळ बसतो. तेथून तें पाणी एकापुढें एक अशा उथळ खणांतून हळूहळू फिरवीत नेतात. ह्या खणांत मीठ धरावयाचें नसतेंच. तेथें पाणी उडावें, आणि चुनखडी व जिप्सम हीं मागें राहावीं, एवढाच हेतु. हें जिप्सम म्हणजे ज्यापासून प्लास्टर होतें व फळ्यावर लिहिण्याचा खडूहि पुष्कळदां करतात तोच पदार्थ. अशा रीतीनें मिठाची वेळ आलेलें दाट पाणी मग लहान, सपाट व पायांनीं तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांत सोडतात. तेथें खडा धरतो.

पाणी किती दाट झालें तें ओळखण्यास १७६८ सालीं अंतोआन बोमे ह्या फ्रेंच औषधनिर्मात्यानें एक सोपें साधन काढलें. तें एक कांचेची नळी असून पाण्यांत उभें तरंगतें. द्रव जितका दाट तितकी ती नळी अधिक वर राहते. नळीवर अंश कोरलेले असतात. साधें समुद्रपाणी सुमारें साडेतीन अंश दाखवितें. सुमारें साडेपंचवीस अंशांस मीठ पडूं लागतें. आणि एकोणतीस-तीस अंशांच्या सुमारास वाफा रिता करावा लागतो. साडेपंचवीस हें धरण्याचें दार, आणि एकोणतीस हें सोडण्याचें दार.

आतां थोडें गणित करूं; कारण गणितावांचून योजना नाहीं. शंभर घागरी समुद्रपाणी घेतलें असें समजा. मीठ पडूं लागेपर्यंत त्यांतील सुमारें नव्वद घागरी उडून दहा उरतात. पुढें मिठाच्या वाफ्यांत त्या दहाच्या तीन होतात, म्हणजे तेथें सातच घागरी उडावयाच्या. नव्वदास सात, ह्या हिशेबानें तापविण्याच्या खणांची जागा मिठाच्या वाफ्यांच्या तेरापट लागेल. परंतु दाट खारें पाणी साध्या पाण्याहून सावकाश उडतें. म्हणून मिठाच्या वाफ्यांस थोडी अधिक जागा द्यावी लागते, आणि प्रमाण सुमारें दहास एक असें येतें. ज्या मिठागरांत पांढरें मीठ दिसतें तो भाग एवढासाच कां, आणि नुसत्या पाण्याचीं खाचरें एवढीं विस्तीर्ण कां, ह्याचें उत्तर ह्या त्रैराशिकांत आहे. वाफे फार मोठे केले, तर त्यांस पुरेसें दाट पाणी मिळत नाहीं आणि कच्चें पाणी सोडण्याचा मोह होतो. मग मिठांत जिप्सम मिसळतें. वाफे फार लहान केले, तर मीठ वाटेंतल्या खणांतच पडून वायां जातें.

कोणी विचारील, एवढी जागा अडविण्यापेक्षां पाणी चुलीवर कां आटवूं नये? त्याचाहि हिशेब करून पाहावा. एक टन मीठ हातीं येण्यास सुमारें पंचेचाळीस हजार लिटर समुद्रपाणी लागतें, आणि तें बहुतेक सगळें उडवावें लागतें. हें काम विस्तवावर केलें, तर उष्णतेचा एक कणहि फुकट न घालवितां चार-पांच टन कोळसा जळेल. एक टन मिठासाठीं चार टन कोळसा! सूर्य व वारा हें काम विनामूल्य करितात. त्यांचें भाडें आपण जमिनीच्या रूपानें देतों.

पाणी उडविणें हाच स्फटिक मिळविण्याचा एकमेव मार्ग नव्हे. सोरा घ्या. शंभर ग्रॅम उकळत्या पाण्यांत तो सुमारें २४५ ग्रॅम विरघळतो, पण तेंच पाणी बर्फाइतकें थंड केलें तर त्यांत जेमतेम १३ ग्रॅम राहतो. बाकीचा सारा स्फटिक होऊन बाहेर येतो. म्हणून सोरा किंवा तुरटी शुद्ध करावयाची, तर गरम संपृक्त द्रावण थंड करणें पुरतें. मिठाची गोष्ट निराळी. गार पाण्यांत तें सुमारें ३६ ग्रॅम विरघळतें, आणि उकळत्या पाण्यांत ३९. थंड करून हातीं येणार काय? तीन ग्रॅम! त्यास पाणी उडविण्यावांचून गति नाहीं. तेव्हां अभियंत्यानें प्रथम पदार्थाचा स्वभाव विचारावा, आणि मग रीति ठरवावी; आपली आवडती रीति घेऊन पदार्थावर लादूं नये.

खडा कसा वाढतो हेंहि पाहण्यासारखें आहे. द्रावण संपृक्त मर्यादेच्या थोडें पुढें गेलें, म्हणजे त्यांत सूक्ष्म बीजें उत्पन्न होतात, व त्या बीजांवर थरावर थर चढून खडा मोठा होतो. द्रावण ही मर्यादा एकदम फार ओलांडून गेलें, तर असंख्य बीजें एकाच वेळीं उठतात. मिठाचा वांटा सर्वांत विभागला जातो व हातीं केवळ भुकटी येते. शिवाय घाईनें वाढलेल्या खड्यांत कडू पाण्याचे थेंब कोंडून राहतात. ते बाहेरून कितीहि धुतले तरी निघत नाहींत. सावकाश वाढलेला खडा ह्याहून पुष्कळ निर्मळ असतो, कारण प्रत्येक थरांत स्वतःच्या जातीचे कण घेण्यास व परके कण बाजूस सारण्यास त्यास अवकाश मिळतो. खड्यांच्या अंगास लागलेलें कडू पाणी काढण्यास ते धुवावे लागतात. पण गोड्या पाण्यानें धुतले, तर मीठच विरघळून जाईल. म्हणून धुण्यासाठीं मिठाचेंच संपृक्त पाणी घेतात. त्यांत मीठ आणखी विरघळूं शकत नाहीं, मॅग्नेशियम मात्र विरघळतें. युक्ति साधी आहे, परंतु ती सुचण्यास नियम मनांत मुरलेला असावा लागतो.

आतां सर्वांत कठीण निर्णय. एकोणतीस अंशांस वाफा रिता करावा, तर पाण्यांतील सुमारें एक-पंचमांश मीठ त्या कडू पाण्याबरोबर निघून जातें. डोळ्यांदेखत जाणारें हें मीठ कोणास सोडवेल? आणखी चार दिवस थांबलें तर रास मोठी होईल. पण त्या वाढीबरोबर मॅग्नेशियमहि येतें. आणि मॅग्नेशियम क्लोराइड हा असा पदार्थ आहे कीं, तो कोरड्या हवेंतलाहि ओलावा ओढून घेतो. कोणा गृहिणीचें जाडें मीठ बरणींत ऐन उन्हाळ्यांतहि पाझरूं लागलें, तर बहुधा तें लोभानें उशीरां काढलेलें किंवा नीट न धुतलेलें मीठ समजावें. अधिक मिळवावें कीं शुद्ध मिळवावें, हा प्रश्न पृथक्करणाच्या प्रत्येक योजनेंत उभा राहतो. त्याचें उत्तर यंत्र देत नाहीं. तें योजना करणाऱ्यासच द्यावें लागतें.

शिवाय टाकून दिलेलें सर्वच टाकाऊ नसतें. १८२६ सालीं अंतोआन बालार ह्या तरुण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें मॉंपेलिए येथील मिठागरांच्या ह्याच कडू पाण्यांत ब्रोमीन हें नवें मूलद्रव्य शोधून काढलें. मॅग्नेशियमचे क्षार व पोटॅशहि अशाच पाण्यापासून मिळवितां येतात. एका कारखान्याचें उरलेलें तें दुसऱ्याचा कच्चा माल, हा धडा येथें मिळतो.

ह्या सर्व योजनेवर आकाशाची सत्ता चालते, हें विसरूं नये. आपल्याकडील हंगाम पावसानंतर बांध व वाफे दुरुस्त करून सुरू होतो, आणि जूनच्या पावसाआधीं संपावा लागतो. वळवाची एक सर आठवड्यांची मेहनत पातळ करून टाकते. हवा दमट असली, तरीहि काम अडतें. कारण हवेंतील आर्द्रता शेंकडा पंचाहत्तरांवर गेली, म्हणजे संपृक्त खाऱ्या पाण्यांतून पाणी उडतच नाहीं, उलट हवाच पाणी देऊं लागते. पावसाळ्यांत चांगल्या मिठालाहि पाणी सुटतें तें ह्याच कारणानें. आज देशांतील तीन-चतुर्थांशाहून अधिक मीठ गुजराथेंत होतें. तेथील कोरड्या हवेचा त्यांत मोठा वांटा आहे. आणि उन्हांत, खाऱ्या चिखलांत, अनवाणी उभें राहून खडा ओढणाऱ्या माणसांच्या श्रमांची किंमत तर कोणत्याहि हिशेबांत पुरती येत नाहीं.

हीच पद्धति बंद भांड्यांत पाहावयाची असेल, तर साखर कारखाना पाहावा. लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें उभा राहिलेला प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० सालापासून उंसाचा रस घेऊं लागला. साखर फार तापविली तर करपते. म्हणून भांड्यांतील हवेचा दाब कमी करून रस थोड्या उष्णतेवर उकळतात. ही युक्ति एडवर्ड हॉवर्ड ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८१३ च्या सुमारास काढली. रस योग्य दाटपणास आला म्हणजे त्यांत साखरेचें बारीक बीज घालतात, आणि खडे वाढले म्हणजे वेगानें फिरणाऱ्या जाळीदार भांड्यांत मळी वेगळी करितात. मिठागरांतील कडू पाणी तीच येथील मळी. औषधांच्या कारखान्यांतहि शुद्धीकरणाची शेवटची पायरी पुष्कळदां स्फटिकीभवनाचीच असते. पदार्थ बदलला, भांडें बदललें, परंतु विचारावयाचे प्रश्न तेच राहिले: आधीं काय पडेल, कशानें पडेल, किती सावकाश पडूं द्यावें, आणि कोठें थांबावें?

विद्यार्थ्यांनीं घरीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं एक प्रयोग करून पाहावा. गोराई किंवा जुहू येथून एक लिटर समुद्रपाणी आणून तें फडक्यांतून दोनदां गाळावें. मंद आंचेवर आटवून तें शंभर मिलिलिटरांवर आणावें व रात्रभर तसेंच ठेवावें. तळाशीं पांढरा सांका बसेल. तो न ढवळतां वरचें पाणी दोन बशांत सारखें वांटावें. हिंवाळ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या दिवसांत बशा उन्हांत ठेवाव्या. एका बशींतील पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आलें म्हणजे उरलेलें ओतून टाकावें व खडे टिपून वाळवावे. दुसरी बशी तशीच वाळूं द्यावी. मग दोन्ही बशा घरांत सावलींत ठेवून आठ दिवस रोज पाहाव्या, व काय दिसतें तें वहींत लिहावें. आपल्या किनाऱ्याचें पाणी आज स्वच्छ राहिलेलें नाहीं, तेव्हां ह्यांतील कांहींहि चाखूं नये. खड्यांचा चौकोनी आकार भिंगांतून अवश्य पाहावा.

आपल्या मिठागरांस इतिहासहि आहे. १९३० सालच्या मे व जून महिन्यांत वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या तुकड्यांमागून तुकड्या गेल्या व लाठ्या खाऊन परतल्या. मिठावरील कर १९४७ सालीं रद्द झाला. आज प्रश्न कराचा नसून जागेचा आहे. २०२४ सालीं कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिळून सुमारें २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनांतील घरांसाठीं राज्य सरकारास देण्याचें ठरलें. घरें हवींत, हें कोण नाकारील? पण २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसाची आठवण पालकांस असेलच. पाणी पसरण्यास मोकळी राहिलेली सखल जमीन अशा वेळीं काय करते, ह्याचाहि विचार त्याच हिशेबांत मांडला जावा, असें आम्हांस वाटतें.

मिठागरें राहोत वा जावोत, त्यांत सांठविलेलें ज्ञान जाऊं नये. कांजूरमार्गापासून हांकेच्या अंतरावर पवईस अभियांत्रिकीची मोठी संस्था आहे, व माटुंग्यास १९३३ सालीं विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग म्हणून निघालेली दुसरी. आपल्यांतील कांहीं मुलें-मुली पुढेंमागें तेथें जातील, आणि मोठमोठ्या आकृत्या काढून स्फटिकीभवनाचीं यंत्रें योजतील. त्यांनीं आपली पहिली पाटी खाडीच्या कांठीं पाहून ठेवावी. दार केव्हां उघडावें हें पुष्कळांस कळतें. तें केव्हां लावावें हें ज्यास कळतें, त्याच्याच हातीं निर्मळ खडा येतो.